गैरहजेरीची सोय

विधान परिषदेत शुभा गुप्तेंना सगळे 'बाई' म्हणत, मंत्रीसुद्धा. मुलुंडच्या एका कॉलेजात त्यांची उभी हयात जीवशास्त्र शिकवण्यात गेली होती, आणि आमदार झाल्यावरही त्या वर्गात बोलल्यासारख्याच बोलत. शिक्षकांच्या मतदारसंघातून दुसऱ्यांदा निवडून आल्या तेव्हा त्यांचा नवरा मुकुल हयात होता. वर्षभरात तो गेला. मुलगा मिहिर डॉक्टर, बोरिवलीला त्याचं छोटं नर्सिंग होम. मुलुंड पूर्वेच्या घरात बाई एकट्या राहत. अधिवेशन चालू असलं की सकाळी पक्षाची गाडी येई, दिवस माणसांत जाई. अधिवेशन नसलं की घरात टीव्ही चालू असे, कुणी बघत नसलं तरी.

त्यांच्या नावावर सांगण्यासारखं एक काम होतं, उपचार हमी कायदा. दारात आलेल्या अत्यवस्थ माणसाला कुठल्याही दवाखान्याने डिपॉझिट मागून परत पाठवायचं नाही, आणि गरीब घरातल्या मोठ्या ऑपरेशनचा खर्च सरकारने उचलायचा, असा तो कायदा. तो ज्या संयुक्त समितीने घडवला तिच्यात बाई होत्या. कलमं लिहिताना कुठे 'करता येईल' आणि कुठे 'केले पाहिजे' यावरून त्यांनी सचिवांशी तासन्‌तास वाद घातले होते. कायदा मंजूर झाला तेव्हा त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं.

आताही त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं. फक्त सोबतचे पक्ष बदलले होते, आणि पावसाळी अधिवेशनात सरकारने तो कायदा रद्द करणारं निरसन विधेयक आणलं. विधानसभेत ते गोंधळात, चर्चेशिवाय मंजूर झालं. आता ते परिषदेत यायचं होतं, आणि परिषदेत सरकारचं बहुमत अगदी काठावरचं होतं.

त्या रविवारी वाकोल्याहून एक बाई मुलुंडला आली. सुगंधा परब तिचं नाव. तिच्या वस्तीतल्या शाळेतल्या एका शिक्षकाने पत्ता दिला होता. तिचा नवरा लवू छापखान्यात बाइंडर होता. त्याच्या हृदयाचा वॉल्व्ह बदलायचा होता, कायद्याखाली मंजुरी मिळाली होती, ऑक्टोबरची तारीखही मिळाली होती.

"टीव्हीवर सांगतायत कायदो जाणार म्हणून," सुगंधा म्हणाली. ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. "मग आमचा नंबर पण जाणार काय?"

"मंजुरी मिळालीय ना? मग सहसा तसं करत नाहीत," बाई म्हणाल्या. "थांबा, मी बघते."

त्यांनी विधेयकाची प्रत काढली. जेमतेम दीड पान होतं. कायदा निरसित करण्यात येत आहे, त्याखालचे नियम निरसित करण्यात येत आहेत, त्याखालचा निधी शासनाकडे वर्ग होईल. ज्यांना आधीच मंजुरी मिळाली आहे त्यांचं काय, याबद्दल एक ओळही नव्हती. बाईंनी पान उलटून पाहिलं, मागे कोरं होतं.

"काय लिवलाय?" सुगंधाने विचारलं.

"काहीच लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिवालयात एक दुरुस्ती दिली. एकच वाक्य होतं. कायदा जाण्यापूर्वी ज्यांना मंजुरी मिळाली त्यांचे उपचार पूर्ण होतील. एवढं घेतलं तर आपण विधेयकाच्या बाजूने मत देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मन मानत नव्हतं, पण पक्ष सोडायची त्यांची इच्छा नव्हती. मुकुल गेल्यापासून पक्ष हेच त्यांचं माणसांत जाण्याचं ठिकाण होतं.

बुधवारी सकाळी भाऊ दळवी स्वतः घरी आले. भाऊ परिषदेतले पक्षाचे मुख्य प्रतोद. कुणी कसं मत द्यायचं याचा आदेश, म्हणजे व्हिप, त्यांच्या सहीने निघे. घाटकोपरच्या भटवाडीत वाढलेले, बाप गिरणीत. बाईंना राजकारणात त्यांनीच आणलं होतं. मुकुलच्या दहाव्याला ते सबंध दिवस बसून होते.

चहा घेऊन झाल्यावर भाऊ म्हणाले, "बाई, तुमची दुरुस्ती वाचली."

"मग?"

"चांगली आहे. घेता येणार नाही."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

बाईंना माहीत होतं. परिषदेने विधेयकात एक शब्द जरी बदलला तरी ते परत विधानसभेकडे जायला हवं. आणि विधानसभेचं कामकाज शुक्रवारी दुपारीच संपणार होतं. परिषदेत विधेयक यायचं होतं ते त्यानंतर, संध्याकाळी.

"मग एक दिवस वाढवा अधिवेशन."

"एक दिवस वाढवला की विरोधकांचे दहा विषय वाढतात. वर विचारून बघितलं मी. नाही म्हणाले." भाऊंनी कप बशीत नीट ठेवला. "मंत्री सभागृहात सांगतील, शासन सहानुभूतीने विचार करेल म्हणून."

"सहानुभूतीवर ऑपरेशन होत नाही, भाऊ."

"बाई, कायदा चांगला होता. मीपण तेव्हा बाक वाजवला. पण चालला काय? सरकारचा पैसा वेळेवर पोचत नाही, लहान दवाखाने बंद पडतायत, डॉक्टर मार खातायत. तुमचा मिहिर काय सांगतो?"

"मिहिर मला काही सांगत नाही."

 भाऊंना ते ठाऊक असावं.

"चुका असतील तर सुधारा," बाई म्हणाल्या. "नवा आणा आणि मग जुना काढा. मधल्या काळात लोकांनी काय करायचं?"

"नवा येईल."

"कधी?"

भाऊंनी घड्याळ पाहिलं. उठताना त्यांनी व्हिपचा कागद टीपॉयवर ठेवला. दारात चपला घालता घालता ते थांबले.

"तुम्ही 'नाही' म्हणालात आणि विधेयक पडलं, तरी हिवाळ्यात विधानसभा ते पुन्हा मंजूर करणार. मग आपलं सभागृह फार तर महिनाभर अडवून धरणार. घटनेतच तसं आहे, मी काय सांगू तुम्हाला. चार-पाच महिन्यांसाठी आमदारकी घालवणार?"

"लवूची तारीख ऑक्टोबरची आहे," बाई म्हणाल्या.

"कोण लवू?"

बाईंनी सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि जिना उतरून गेले.

त्याच संध्याकाळी मिहिरचा फोन आला. दिवाळी, पाडवा आणि वाढदिवस सोडून त्याचा फोन आल्याला बरेच दिवस झाले होते.

"आई, उद्या कामकाज संपलं की इकडेच ये जेवायला. रेवती बिरडं करतेय."

बाई लगेच हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मग त्यांना गुरुवारनंतर शुक्रवार येतो हे आठवलं.

मिहिरचं आणि त्यांचं बिनसलं ते त्या कायद्यावरूनच. तीन वर्षांपूर्वी हायवेवर अपघात झालेला एक तरुण मुलगा त्याच्या नर्सिंग होममध्ये आणला गेला होता. तिथे त्या वेळी सर्जन नव्हता. मिहिरने रक्त थांबवण्याची खटपट केली, अँब्युलन्स बोलावली आणि त्याला मोठ्या हॉस्पिटलकडे पाठवलं. मुलगा वाटेतच गेला. दारातून हाकलून दिलं, अशी नातेवाइकांनी तक्रार केली आणि मिहिरवर उपचार हमी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्याने आईला फोन केला. फक्त पोलिसांशी बोल, मी त्याला हाकललं नाही एवढं सांग, इतकंच त्याचं मागणं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "तो कायदा मीच केलाय, मीच फोन कसा करू? चौकशी होऊ दे." चौकशी झाली, मिहिर निर्दोष ठरला. पण मधे आठ महिने गेले होते.

गुरुवारी बाई विधान भवनातून थेट बोरिवलीला गेल्या. दार ओजसने उघडलं. नऊ वर्षांचा नातू आता त्यांच्या खांद्याला लागत होता. तो त्यांना हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन गेला आणि एक एक करत सगळी खेळणी दाखवू लागला, जणू त्या पहिल्यांदाच घरात आल्या होत्या. त्याच्या पलंगाशेजारी जमिनीवर एक गादी घातलेली होती, तिच्यावर धुतलेली चादर.

"ही कुणाची रे?"

"तुझी. बाबा म्हणाला, तू राहणारेस."

जेवताना सगळं नीट चाललं. सुनेने, रेवतीने, बिरड्यात नारळाचं दूध सढळ हाताने घातलं होतं. मिहिरने आग्रह करून वाढलं. ओजसला घेऊन रेवती आत गेली तेव्हा मिहिर बीपीचं मशीन घेऊन आला.

"हात दे."

त्याने पट्टा गुंडाळला. दोघंही आकड्याकडे बघत राहिले.

"एकशे बहात्तर," तो म्हणाला. "कधीपासून आहे असं?"

"मोजलंच नाही."

"गोळ्या?"

"घेते. कधी राहतात."

मिहिरने पट्टा सोडला, पण तो उठला नाही.

"भाऊंचा फोन आला होता," तो म्हणाला.

"वाटलंच मला."

"आई, मी तुला 'होय' म्हण असं सांगत नाही. तुझं मत तुझं. फक्त उद्या जाऊ नकोस."

"व्हिप आहे, मिहिर. हजर राहून मत द्यायचं, असा आहे."

"आजारी माणसाला कुणी काही करत नाही. भाऊ म्हणाले, सर्टिफिकेट असलं तर पक्ष माफ करेल. आणि मला खोटं काही लिहावं लागणार नाही. हा आकडा बघ ना. या आकड्याला मी कुठल्याही पेशंटला घरी झोपवून ठेवलं असतं." तो थोडा पुढे वाकला. "दोन-चार दिवस इथे राहा. ओजस किती खूश झालाय बघितलंस ना? रेवतीनेपण उद्या रजा टाकलीय. कुणाला दुखवायला नको, काही नको."

बाई गादीचा विचार करत होत्या. मुकुल गेल्यापासून या घरात राहा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मुलुंडच्या घरात त्या कधी कधी मोठ्याने बोलून बघत, आवाज बसला नाही ना म्हणून. आणि इथे आतल्या खोलीत ओजस आईला विचारत होता, आजी गोष्ट सांगेल का.

मत नसतं तर बोलावलं असतंस का, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी ही संध्याकाळ संपली असती.

"मी गैरहजर राहिले तर मतं सारखी होतील आणि सभापतींच्या मताने विधेयक मंजूर होईल," त्या म्हणाल्या.

"होऊ दे ना. होणारच आहे, आज नाही तर चार महिन्यांनी."

"तुला खरंच वाटतं कायदा जावा?"

"हो." त्याचा आवाज चढला नाही. "तुझ्या कायद्यात लिहिलंय, दारातून परत पाठवायचं नाही. पण सर्जन नसेल तर डॉक्टरने काय करायचं, ते कुठे लिहिलंय? मी त्या पोराची जखम दाबून धरून अँब्युलन्सपर्यंत धावलो होतो, आई. त्याचं रक्त माझ्या बुटात होतं. आणि ओजसला शाळेत पोरं विचारायची, तुझा बाबा माणसं मारतो का."

बाईंना हे माहीत नव्हतं. ओजसचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"पोलिसांना मी फोन केला नाही ते बरोबरच होतं," त्या हळू म्हणाल्या. "आजही करणार नाही. पण तुला करायला हवा होता. रोज करायला हवा होता. तो मी केला नाही."

मिहिर मशीनची वायर गुंडाळत राहिला.

"राहा आज," शेवटी तो म्हणाला. "उद्याचं उद्या बघ."

बाई राहिल्या. ओजसला त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती अर्धी होण्याआधीच तो झोपला. सकाळी त्या लवकर उठून तयार झाल्या. बाहेर आल्या तेव्हा मिहिर डायनिंग टेबलाशी पेपर घेऊन बसला होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, नेसलेली साडी पाहिली, हातातली पर्स पाहिली.

"ठरलं तर," तो म्हणाला.

"हो."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

तो लिफ्टपर्यंत आला. लिफ्टचं दार लागेपर्यंत उभा होता.

शुक्रवारी विधानसभेचं कामकाज दुपारी राष्ट्रगीताने संपलं. परिषदेत निरसन विधेयक संध्याकाळी पुकारलं गेलं. मंत्र्यांनी भाषण केलं, सहानुभूतीचं वाक्यही त्यांनी म्हटलं. बाईंनी आपली दुरुस्ती मांडली. मागे घ्यावी अशी मंत्र्यांनी विनंती केली. त्यांनी ती मागे घेतली नाही. आवाजी मताने दुरुस्ती फेटाळली गेली. 'होय' म्हणणाऱ्यांत मात्र बाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला होता.

शेवटच्या टप्प्यावर त्यांनी बोलायला वेळ मागितला. सभापतींनी दोन मिनिटं दिली.

"सभापती महोदय," बाई म्हणाल्या, "हा कायदा करणाऱ्यांत मी होते. त्यात चुका आहेत. त्यांतली एक माझ्याच घरी आली, त्यामुळे चुका नाहीत असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचं रक्षण त्यात नीट लिहिलेलं नाही, ते लिहायला हवं होतं. पण आज आपण चूक दुरुस्त करत नाही आहोत. ज्यांना आपण तारीख दिली त्यांना आपण काहीच न सांगता निघून चाललो आहोत. त्यांच्यासाठी एक वाक्य मी मागितलं होतं. ते घ्यायला वेळ नाही, हे कारण मला पटलेलं नाही."

त्या बसल्या. त्यांच्या बाजूने कुणी बाक वाजवला नाही. समोरच्या विरोधकांनी वाजवला, तो त्यांना नकोसा वाटला.

विरोधकांनी पोल मागितला. म्हणजे आवाजी मतावर न भागवता माणसं उभी करून मोजायची. सभापतींनी सांगितलं, अनुकूल असतील त्यांनी आपल्या जागी उभं राहावं. बाईंच्या रांगेतले सगळे उभे राहिले. त्यांच्या पुढची रांग उभी राहिली, मागची उभी राहिली. डाव्या-उजव्या बाजूंना माणसं उभी होती आणि मधे बाई बसून होत्या. बसल्या जागेवरून त्यांना फक्त जाकिटांची बटणं आणि खाली सोडलेले हात दिसत होते. एकेक जण आपला आकडा बोलून खाली बसत होता. शेजारच्याने आकडा म्हणताना आपली खुर्ची किंचित बाजूला सरकवली. भाऊ रांगेच्या टोकाला होते. त्यांनी आपला आकडा म्हटला आणि ते समोर बघत राहिले.

मग प्रतिकूल सदस्यांची पाळी आली. समोरचे उभे राहिले. या बाजूला, आपल्या रांगेत, एकट्या बाई उभ्या राहिल्या. मोजणी त्यांच्यापर्यंत यायला वेळ लागला. तोवर त्या मागच्या बाकाला धरून उभ्या होत्या. पाळी आल्यावर त्यांनी वर्गात हजेरी देतात तसा स्पष्ट आकडा उच्चारला.

विधेयक एका मताने पडलं.

त्यानंतरचा गोंधळ बाईंना नीट आठवत नाही. विरोधी पक्षाचे कुणीतरी येऊन हात हातात घेऊन हलवत होते. कॅमेरे होते. त्यांच्या स्वतःच्या बाकांवरची माणसं कागद गोळा करून निघून गेली होती. भाऊ त्यांच्याजवळून गेले. थांबले नाहीत, नुसते म्हणाले, "सांभाळून जावा घरी." खाली आल्यावर ड्रायव्हर धोंडूचा फोन आला. तो अवघडला होता.

"बाई, ऑफिसातून सांगितलंय, गाडी परत आणायची."

"असू दे रे. मी टॅक्सीने जाते."

"बाई, मी…"

"तुझा काही दोष नाही त्यात."

पहिले काही दिवस फोन सतत वाजत होता. पत्रकार, संस्था, घाटकोपरच्या एका मंडळाला सत्कार करायचा होता. बाईंनी सत्काराला नकार दिला. शुभा गुप्तेंना पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढण्यात आलं, एवढी एक ओळ स्क्रीनवर आली. सरकार वटहुकूम काढणार अशी कुजबुज झाली, पण सभागृहाने नुकतंच फेटाळलेलं विधेयक असं मागच्या दाराने आणलं तर कोर्टात टिकणार नाही म्हणून ते मागे पडलं. मग पत्रकारांचे फोन थांबले. गणपतीत दरवर्षी पक्षातल्या दहा-पंधरा घरी त्यांना आमंत्रण असे. त्या वर्षी एकही आलं नाही. मिहिरचाही फोन नव्हता. त्या रोज सकाळी गोळी घेत आणि मिहिरला फक्त 'घेतली' असा मेसेज पाठवत. तो वाचल्याची खूण येई. उत्तर येत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी सुगंधाचा फोन आला. लवूचं ऑपरेशन झालं होतं, तो घरी आला होता. बाई वाकोल्याला गेल्या. गल्ली अरुंद, पण घर लखलखीत होतं. लवू उशीला टेकून बसला होता. छातीवरची जखम त्याने बनियन खाली ओढून दाखवली.

"सरकारला बुद्धी झाली बघा बाई," सुगंधा म्हणाली. "कायदो ठेवला त्यांनी. मी बोलले होते देवाला."

बाईंच्या लक्षात आलं, हिला काहीच माहीत नाही. दीड पानाचं ते विधेयक, पोल, एक मत, यातलं काही या घरापर्यंत पोचलं नव्हतं. सांगावं असं एकदा मनात आलं. लवू बशीतून चहा पीत होता, प्रत्येक घोट सावकाश.

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःचा चहा संपवला.

नोव्हेंबरमध्ये सभापतींच्या दालनात अपात्रतेची सुनावणी झाली. अर्ज भाऊंच्या सहीचा होता, प्रतोद म्हणून त्यांनाच करावा लागला. बाहेरच्या लांब बाकावर दोघं एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून बसले होते.

"तो तुमचा लवू," भाऊंनी विचारलं. "कसा आहे?"

"झालं ऑपरेशन. घरी आहे."

"बरा झाला." भाऊ मालवणीत बोलले, जसे ते फक्त घरच्यांशी बोलत. "माका वाईट वाटला हो त्या दिवशी."

"मला माहीत आहे, भाऊ."

आत गेल्यावर भाऊंनी, सदस्याने व्हिपचा भंग केला, अशी साक्ष दिली. बाईंनी वकील दिला नव्हता. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो. व्हिप मिळाला होता, वाचला होता आणि त्याविरुद्ध मत दिलं." त्यांची जागा रिक्त झाली.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेने ते विधेयक पुन्हा मंजूर केलं. परिषदेनेही केलं, या वेळी आवाजी मताने, पोल कुणी मागितला नाही. बाईंनी ते घरी टीव्हीवर पाहिलं. बातमी जेमतेम अर्धा मिनिट चालली. पुढे हवामानाचा अंदाज होता.

दुपारी मिहिरचा फोन आला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

 त्याच्या ओपीडीत कुणाचं तरी मूल रडत होतं.

"मला बरं वाटेल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "तसं काही वाटलं नाही."

"त्या दिवशी माझंही तसंच झालं होतं."

"रविवारी येऊ का? नक्की सांगत नाही, पेशंट असतात."

"जमेल तसं ये."

त्या रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारी आला, एकटाच, अर्ध्या तासासाठी म्हणून. त्याने बीपी मोजलं, ते उतरलं होतं. चहा झाला. कायद्याबद्दल दोघंही बोलले नाहीत. मिहिरने खोलीभर नजर फिरवली. कपाटात बाबांची पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेली एकच साडी, टीव्हीचा आवाज बंद पण चित्र चालू.

"दिवसभर काय करतेस गं?" त्याने विचारलं.

असं त्याने यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. 

"वाचते. खाली चालून येते. कधी कधी नुसती बसते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा जड गेलं. अजूनही जातं."

मिहिरने मान हलवली. निघायची वेळ झाली होती, पण तो उठला नाही. खिडकीबाहेर सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळत होती आणि आउट की नॉटआउट यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. मायलेक ते ऐकत बसले. उन्हं उतरली, मुलं घरी गेली, तरी मिहिर तिथेच बसून होता. मग त्याचा फोन वाजला, पेशंट आला होता, आणि तो गेला.